फुकटची नोकरी आणि सँडी टेटम

गोल्फ संघटनेतली बिनपगारी पदं म्हणजे निवृत्त श्रीमंतांचा टाइमपास, असं बरेच जण म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. पण सँडी टेटम आठवून पाहा. सॅन फ्रान्सिस्कोतला हा वकील. वकिली सांभाळून अमेरिकन गोल्फ संघटनेचं काम करायचा, पुढे तिचा अध्यक्षही झाला.

यूएस ओपन ही याच संघटनेची मोठी स्पर्धा. 1974 च्या यूएस ओपनला विंग्ड फूट क्लबचं मैदान इतकं अवघड लावलं होतं, की पहिल्याच ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) जॅक निक्लॉससारख्या दिग्गजाचा पट, म्हणजे भोकाकडे मारलेला हलका फटका, भोकाच्या पुढे घरंगळत थेट ग्रीनबाहेर गेला. हेल आयर्विन जिंकला तो पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, 7 फटके जास्त घेऊन! शिव्या खाल्ल्या टेटमने, कारण स्पर्धा समितीचा प्रमुख तोच. (फुकट काम करून वर शिव्या, आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखंच.)

मला मात्र त्याचं म्हातारपणचं काम जास्त मोठं वाटतं. हार्डिंग पार्क हे सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचं गोल्फचं मैदान. त्याची रया इतकी गेली होती, की 1998 ची यूएस ओपन शेजारच्या क्लबवर झाली तेव्हा इथे चक्क गाड्या लावल्या. ऐंशीच्या घरातला टेटम पालिकेच्या मागे हात धुऊन लागला. 2003 मध्ये मैदान नव्याने उघडलं. 2020 ची पीजीए चॅम्पियनशिप ही गोल्फमधली मोठी स्पर्धा तिथेच झाली, पण ती पाहायला टेटम नव्हता; तो 2017 मध्येच वारला होता.