मदत हवी आहे: एकचाकी युनिसायकलचा हब बाहेरून मागवायचाय

पुण्यात २९ इंची युनिसायकल जुळवतोय. ३६ भोकांची रिम, टायर इथेच मिळाले. फ्रेम ४२ मिमी बेअरिंगच्या मापाने वेल्डरकडून करून घेतोय. अडलंय हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापाशी. जुन्या चौकोनी ॲक्सलवर क्रँक (पेडलचे दांडे) सारखे ढिले व्हायचे. पायऱ्यांवरून उड्या मारून एकाचं भोक चक्क गोल झालं! म्हणून आता दहा खाचांच्या ॲक्सलचा, आयसिस पद्धतीचा हब आणि १५० मिमी क्रँकच हवेत. निंबस किंवा क्वाक्स, कुठल्याही कंपनीचा चालेल. (सायकलचा मागचा हब कृपया सुचवू नका, इथे क्रँक थेट हबलाच बसतात.)

जर्मनीतल्या एका दुकानाने सांगितलेला कुरिअरचा खर्च जवळपास हबच्या किमतीइतकाच आहे. असे सुटे भाग साध्या टपालाने कोणी मागवलेत का? कस्टम ड्यूटी किती लागली, आणि ती कुठे भरली?