पुण्याच्या पेठा पायी: क्रम जरा बदला

पुण्याच्या पेठा पायी फिरण्यासाठी एकाने तुळशीबागेच्या बाजारापासून सुरुवात करून शेवटी शनिवारवाडा सुचवलाय. आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असतील तर मी नेमकं उलटं सांगेन. शनिवारवाड्यात आत आता जोती, कारंजी आणि हिरवळच उरली आहे (१८२८च्या आगीत वाडा जळाला), सावली फारशी नाही. दुपारी बाराला तिथे मुलं रडकुंडीला येतात. म्हणून सकाळी तो आधी उरकावा.

गाडी आणूच नका, पार्किंग शोधण्यात सकाळ जाते. मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरा, परत जाताना मंडई स्टेशन.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी मात्र रेंगाळा. फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे वरच्या भागात का, हे मुलांनाच विचारा. हत्तीचं गंडस्थळ तिथे आदळतं! नगारखान्याचा जिना उंच पायऱ्यांचा आहे, गुडघेदुखीवाल्यांनी खालीच थांबावं.

पुढे लाल महाल (आत्ताची इमारत महापालिकेने नव्याने बांधलेली, दहा मिनिटं पुरे), कसबा गणपती, मग बाजीराव रस्त्याने विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा लोक बाहेरूनच पाहून जातात, ते चुकतं. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि त्यांवरचं कोरीवकाम जवळून बघण्यासारखं आहे.

तुळशीबाग शेवटी ठेवा. खरेदी आधी केली तर पिशव्या दिवसभर वागवाव्या लागतात. शनिवार-रविवारी संध्याकाळी मात्र तिथे मुलांचा हात सोडू नका.