प्रतिसाद: बागेतली नोकरी आणि माळीकाम
वर कुणीतरी विचारलंय, ‘बागेत नोकरी म्हणजे माळीच ना?’ नाही हो! झाडांची आवड असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून उद्यानविद्या करा. माणसांत रमत असाल तर शारीरिक शिक्षण किंवा ऑक्युपेशनल थेरपी (आजारी-दिव्यांग माणसांना रोजची कामं जमावीत म्हणून केलेले उपचार) शिका. पण आधी बाग सगळ्यांना वापरता येते का हे कळायला आपल्या गावची बाग व्हीलचेअरवरून फिरून बघा. आमच्याकडे रॅम्प आहे, जांभ्या दगडाचा. पावसात शेवाळ धरलं की धडधाकट माणूसही घसरतो. उतार १:१२ हवा, म्हणजे फूटभर चढाला १२ फूट लांबी. इथे चार फुटांत उरकलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळ-करमणूकही येते, पण ठेकेदाराला सांगणार कोण? आणि झोपाळ्यापर्यंतच्या वाटेवर वाळू नको, चाकं रुततात.