केळीला ऑटो ड्रीप लावलं आणि बागेत फिरणं बंद झालं, चूक कुठे झाली?

तापीकाठचा

मंडळी, लांब लिहितोय पण पूर्ण वाचा. मी यावल तालुक्यातला, नऊ वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होतो, दोन वर्षांपूर्वी घरी आलो. चार एकर केळी, ग्रँड नैन जातीची, पाच बाय पाच फुटांवर. आल्याबरोबर पहिलं काम केलं ते ड्रीपचं, म्हणजे ठिबक सिंचनाचं ऑटोमेशन, म्हणजे जमिनीत ओलाव्याचा सेन्सर, विहिरीवर कंट्रोलर, प्रत्येक एकराला एक व्हॉल्व्ह आणि सगळं मोबाईलवर. अण्णा रोज सकाळी सहाला बागेत चक्कर मारायचे, त्यांना मीच म्हटलं की अण्णा आता कशाला गुडघे दुखवता, फोनवर दिसतं सगळं. त्यांनी ऐकलं. हे मला आज जास्त लागतंय.

मे महिन्यात दोन नंबरचा व्हॉल्व्ह चार दिवस जवळपास उघडलाच नाही. अ‍ॅपवर रोज हिरवी खूण यायची, ओलावा पुरेसा आहे, पाण्याची बचत झाली. मी पण खुश. पाचव्या दिवशी दुपारी सहज गेलो तर पानं मधल्या शिरेला धरून दोन्ही बाजूंनी खाली मिटलेली, आणि निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडायच्या वेळेला आलेली शंभरेक खोडं अशी की घड अर्धा बाहेर आणि तिथेच अडकलेला. कारण काय निघालं तर सेन्सरच्या शेजारून मेन लाइन जाते, तिचा एक जॉइंट झिरपत होता, बाकीचे व्हॉल्व्ह चालू असले की तिथे पाणी यायचं, त्यामुळे तेवढी हातभर जागा कायम ओली. सेन्सर खोटं बोलला नाही, त्याच्या जागेचं त्याने खरंच सांगितलं, बाकीच्या एकराचं त्याला माहितच नव्हतं.

अण्णा रागावले नाहीत, एवढंच म्हटले, "मी फिरत असतो तर पहिल्याच दिवशी तिथे पाय चिखलात गेला असता."

माझं मत असं झालंय की ऑटोमेशन घेताना आपण मशीनची किंमत धरतो, वाचणारी मजुरी धरतो, पण ते बरोबर चाललंय का हे बघायला जो माणूस आणि जो वेळ लागतो तो हिशोबात धरतच नाही. आणि तो वेळ काढून टाकला की मग मशीन स्वस्त वाटतं. तुमचं काय मत?

रावेर_केळी

भाऊ, नुकसान झालं त्याचं वाईट वाटलं, पण मत अजिबात पटलं नाही. तुम्ही सेन्सर चुकीच्या जागी गाडला आणि दोष ऑटोमेशनला देऊन राहिले. आमच्याकडे रात्रीची थ्री फेज लाईट असली की दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागायचं, सातपुड्याच्या पायथ्याला शेत, बिबट्याचे ठसे बांधावर दिसतात, सापाचं तर विचारूच नका. फोनवरून मोटर चालू करायचा मोबाईल स्टार्टर लावल्यापासून माझी आई रात्री झोपते. हे कोणत्या हिशोबात धरणार? आणि सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला गडी, आज मिळतो का? पाडव्याला ठरवलेला माणूस आखाजीला (अक्षय तृतीयेला) निघून जातो. तुमचे अण्णा फिरत होते म्हणून बाग टिकली, पण ज्याच्या घरात फिरायला कोणी नाही त्याने काय करायचं?

तापीकाठचा

स्टार्टरबद्दल शंभर टक्के मान्य दादा, आमच्याकडेही आहे आणि तो मी काढणार नाही. पण फरक बघा, स्टार्टर फक्त तुमचा हात होतो, मोटर कधी लावायची ते तुम्हीच ठरवता. माझ्या कंट्रोलरने ठरवायचं कामही घेतलं. त्या दोन गोष्टी मी एकाच पारड्यात टाकल्या, तिथे फसलो.

अमळनेरचा_टेस्टर

माझं शेत नाही, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, पण वाचताना अंगावर काटा आला कारण आमच्याकडे सध्या डिट्टो हेच चालू आहे. कोड एआय लिहितो, त्या कोडच्या टेस्टही एआयच लिहितो आणि सगळ्या टेस्ट पास, डॅशबोर्ड हिरवागार. मागच्या महिन्यात मी एक टेस्ट उघडून बघितली तर ती काय तपासत होती, की फंक्शनने जे उत्तर दिलं तेच उत्तर येतं का. उत्तर बरोबर आहे का हे कोणी विचारलंच नव्हतं, परतावा वजा होण्याऐवजी बिलात मिळवला जात होता आणि टेस्ट पास. नवीन पोरांना ते दिसलं नाही यात त्यांची चूक नाही, त्यांना हाताने कोड लिहून चुकायची संधीच मिळाली नाहीये.

ही गोष्ट नवीन पण नाही. लिझान बेनब्रिज नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालीच मांडलं होतं की सोपं काम मशीनला दिलं की माणसाकडे फक्त अवघड प्रसंग उरतात, आणि रोजचा सराव सुटल्यामुळे त्या प्रसंगाला तो आधीपेक्षा कमी तयार असतो. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला जाणारं विमान अटलांटिकमध्ये पडलं, वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला आणि एकदम विमान हातात आलेल्या पायलटांना ते सावरता आलं नाही. २२८ माणसं गेली. अण्णांची सहाची चक्कर म्हणजे तो सराव होता हो.

रावेर_केळी

विमानाचं उदाहरण देऊन घाबरवू नका साहेब. ऑटोपायलट आल्यापासून विमानप्रवास आधीपेक्षा कितीतरी सुरक्षित झालाय हे पण सांगा ना. माणूस चुकत नाही का? माझ्या चुलत्याने दारात पाहुणे आले म्हणून व्हॉल्व्ह बदलायचा विसरून रात्रभर एकाच पट्ट्यात पाणी सोडलं, सगळं खत मुळाखाली वाहून गेलं. त्याचा धागा कोणी काढला नाही.

अमळनेरचा_टेस्टर

सुरक्षित झालाय, मान्यच आहे. पण तो झाला कारण प्रत्येक अपघाताची चौकशी होते, आणि पायलटांना मुद्दाम बिघाड करून सराव देतात. त्यावर पैसा खर्च होतो. आपण मशीन उचललं आणि तो खर्च तिथेच ठेवून आलो, माझं म्हणणं एवढंच आहे. चुलत्यांची चूक दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली ना? इथे चार दिवस हिरवी खूण होती.

चोपडा_कृषीकेंद्र

मी दुकानदार आहे, रोजचं सांगतो. शेतकरी पानाचा फोटो एआयला दाखवून येतात आणि थेट औषधाचं नाव सांगतात. मागे एक जण करप्याचं बुरशीनाशक मागायला आला, फोटो बघितला तर पानावर पिवळे पट्टे, हा तर हरण्या, म्हणजे सीएमव्ही. तो व्हायरस आहे, मावा पसरवतो, त्याला बुरशीनाशक काय करणार? ते झाड उपटून नष्ट करायचं आणि माव्याचा बंदोबस्त करायचा, दुसरा इलाजच नाही. फवारणीत आठ दिवस गेले असते तर शेजारच्या खोडांवर गेला असता. आणि उत्तर इतक्या ठाम भाषेत लिहिलेलं की "खात्री नाही, कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा" असा एक शब्द नाही.

शेंदुर्णीकर

काका राग मानू नका, पण दुकानात पण हेच होतं. जे गोडाऊनला पडून आहे तेच औषध "बेस्ट रिझल्ट" म्हणून हातात देतात, एका रोगाला चार बाटल्या. मला तरी एआयला विचारलं की निदान घटक काय आहे, किती प्रमाण, काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हे तरी कळतं. त्याला मला काही विकायचं नसतं. गरिबाला दुसरं मत फुकट मिळतंय, ते का हिसकावता?

चोपडा_कृषीकेंद्र

असे दुकानदार आहेत, नाही म्हणणार नाही. पण मी चुकलो तर तुम्ही संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन भांडता आणि मला गावात राहायचंय. त्याच्याशी कुठे भांडणार? एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीचा चुकीचा नियम सांगितला होता, कंपनी म्हणाली चॅटबॉटची जबाबदारी आमची नाही, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने सांगितलं की आहे, भरपाई द्या. तिथे तिकीट होतं, पावती होती. फुकटच्या अ‍ॅपवर विचारून बाग गेली तर पावती कुठली दाखवणार?

धुळ्याची_लेक

मला वेगळंच म्हणायचंय. आमची आजी अहिराणीशिवाय बोलत नाही. मी हौसेने तिच्या हातात फोन दिला, म्हटलं आजी विचार याला. ती म्हणाली, "केयीनं पान पिवयं पडी राह्यनं, काय करू?" केयी म्हणजे केळी, पण फोनने "केयी"चं "केली" करून टाकलं आणि भलतंच उत्तर दिलं. तिने दोनदा विचारलं, मग तिसऱ्यांदा माझ्यासारखं पुस्तकी बोलायचा प्रयत्न केला, अडखळली आणि फोन परत दिला. ऐंशी वर्षांच्या बाईला स्वतःच्या घरात स्वतःची भाषा बदलावी लागली, मला रडू आलं. हे मॉडेल ज्या मजकुरावर शिकतात त्यात अहिराणी लिहिलेली असणार किती? म्हणून "सगळ्यांना फुकट दुसरं मत" हे खरं नाही दादा, ज्याला प्रमाण मराठी नाहीतर इंग्रजी येते त्यालाच ते मिळतं.

शेंदुर्णीकर

हा मुद्दा मी धरला नव्हता ताई. आमच्या घरी लेवा बोली आहे, पण फोनवर मी आपोआप शाळेतलं मराठी लिहितो, कधी लक्षातच आलं नाही.

रावेर_केळी

तापीकाठचे भाऊ, भांडण राहू द्या, आता करणार काय ते सांगा. उखडून टाकू नका, पैसे गेलेत.

तापीकाठचा

नाही उखडत. दोन नंबर सध्या हाताने चालू आहे, ठरवायचं काम अण्णांकडे परत दिलंय, ते सकाळी फिरून आले की सांगतात किती तास सोडायचं आणि मी फोनवरून तेवढंच लावतो. अडकलेल्या घडांपैकी काही पान फाडून मोकळे केले, काही गेलेच. सेन्सर कुठे हलवावा ते मात्र कळत नाहीये.

रावेर_केळी

मेन लाइनपासून लांब, नळीच्या मध्यावर घ्या, ड्रिपरच्या ओलीत, वीतभर खोल. एक नाही, एकराला निदान दोन लावा, दोघांचं जमलं नाही तर व्हॉल्व्ह बंद न करता फोन वाजू द्या. आणि त्याहून महत्त्वाचं, प्रत्येक व्हॉल्व्हला पाण्याचं मीटर बसवा. पाच बाय पाचवर एकरी १७४० खोडं, उन्हाळ्यात मोठ्या खोडाला दिवसाला वीस लिटर धरले तरी ३५ हजार लिटर जायला पाहिजेत. मीटर पाच हजारावर थांबलं की अ‍ॅपवर काय लिहिलंय ते बघत बसू नका, सरळ शेतात जा. मी रविवारी भुसावळला येतोय, तिथून तुमच्याकडे चक्कर मारतो, अण्णांना पण भेटायचंय.