दम्याच्या पंपाची सवय लागत नाही

लहान मुलांच्या दम्यासाठीच्या पंपाबद्दल (इनहेलरबद्दल) ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा तोंडाने औषध बरं’ असं काही जण म्हणतात, ते अजिबात पटलं नाही. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून अगदी कमी मात्रा पुरते. आमची लेक दीड वर्षाची असताना रात्री उबळ येऊन प्यायलेलं सगळं दूध उलटायची. मास्कवाला स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणला, आधी बाहुलीला लावला, मग तिने स्वतःहून लावून घेतला.

आणखी एक, मूल शांत झोपलेलं असताना त्याचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर सकाळची वाट बघू नका. आम्ही एका रात्री ४८ मोजले आणि तसेच निघालो.