एकच अक्षर, दोन उच्चार, दोन अर्थ: ‘चार’, ‘जग’, ‘जरा’ मुलांना कसे शिकवावेत?

रविवारची_शाळा
परदेशातल्या मराठी शाळेतली मुलं, वय ८ ते ११. घरी मराठी ऐकतात, बोलतात, पण वाचायला बसली की ‘जगात’ आणि ‘जगतो’ यांतला ज एकसारखाच म्हणतात. ‘चार बैल’ आणि ‘बैलांना चार’ यांत फरक करत नाहीत. ‘त्याची जात’ आणि ‘तो जात नाही’ यांचंही तेच. लिपीत वेगळं अक्षर नाही, मग मुलांनी ओळखायचं कशावरून? काही नियम आहे, की नुसतं पाठांतर? दुसरं, वाचनपाठ टाइप करताना या अक्षरांखाली नुक्ता (ठिपका) द्यावा का?

व्याकरणमास्तर
नियम आहे, पण तो अर्धं काम करतो.

आधी नावं ठरवून घ्या. चंद्रातला च, जन्मातला ज, झेंड्यातला झ हे तालव्य. चाकातला च, जाळीतला ज, झाडातला झ हे दंततालव्य. मुलांना संज्ञा सांगू नका, ‘चंद्राचा च’ आणि ‘चाकाचा च’ एवढं पुरतं. छ ला ही भानगड नाही, तो नेहमी तालव्य.

पहिली चाचणी पुढच्या स्वराची. पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर जवळजवळ नेहमी तालव्य: चिंच, जीभ, जेवण, ज्यात. म्हणून एकाच प्रत्ययात दोन्ही उच्चार येतात. ‘घराचा’ मध्ये चाकाचा च. ‘घराची’, ‘घराचे’, ‘घराच्या’ मध्ये चंद्राचा. ‘माझे’ तालव्य, पण तेच बोलीत ‘माझं’ झालं की दंततालव्य. शब्दाला जोडलेला ‘च’ (मीच, तोच) दंततालव्य.

पुढे अ, आ, उ, ऊ, ओ असेल तर दुसरी चाचणी: शब्द कुठून आला? संस्कृतातून जसाच्या तसा आला असेल तर तालव्य, मराठीत झिजून आला असेल तर बहुतेक दंततालव्य. चक्र आणि चाक, चर्म आणि चामडं, चंद्र आणि चांदणं या जोड्या फळ्यावर लिहून मोठ्यानं म्हणून घ्या. फारसी-अरबी शब्दांत मूळचा झेब्र्यातल्या ‘झ’सारखा घर्षक (घासून निघणारा) आवाज मराठीत दंततालव्य झाला: जमीन, जोर, बाजार, जादा. मूळचा ज असलेले ‘जादू’, ‘जवान’ तालव्यच राहिले. ‘जागा’ मात्र या नियमाला जुमानत नाही.

तुमची उदाहरणं यातूनच सुटतात. जरा (म्हातारपण) संस्कृत, तालव्य. जरा (थोडं) फारसी वाटेनं आलेला, दंततालव्य. जग (दुनिया) संस्कृत. ‘जग’ ही जगणेची आज्ञा, दंततालव्य. जात (जाति) मधला इ लोपला तरी उच्चार तालव्य राहिला. ‘चार’ हा आकडा मात्र झिजलेला असूनही तालव्य आहे. जुन्या कागदपत्रांत तो ‘च्यार’ असा लिहिलेला सापडतो, तालव्य उच्चार हा त्या य चा अवशेष. आणखी एक जोडी घ्या: शेतात खणतात तो ‘चर’ दंततालव्य, ‘चराचर’ मधले दोन्ही च तालव्य.

जुळारी
नुक्त्याबद्दल: वर्गातल्या छापील कागदावर द्या, फाइलमध्ये कायमचा ठेवू नका. ‘च़ार’ हा संगणकासाठी ‘चार’ नव्हे, शोध घेताना बऱ्याच ठिकाणी सापडत नाही. ज़ साठी युनिकोडमध्ये एकसंध अक्षरही आहे आणि ज अधिक नुक्ता अशी जोडीही. दिसायला दोन्ही सारखी, आतून वेगळी, त्यामुळे एकाच पाठात सरमिसळ झाली की शोधा-बदला अर्धवट चालतं. त्यापेक्षा छापून झाल्यावर लाल पेनानं ठिपका द्या, तोही फक्त दंततालव्य अक्षराखाली आणि फक्त संशयाच्या शब्दांत. सगळ्या पानावर ठिपके पडले की मुलं अर्थ सोडून ठिपके वाचायला लागतात.

टायपिंगमध्ये याहून वाईट घोटाळा होतो तो ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ मध्ये. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. आचार्यांना नमस्कार करतात, आचाऱ्यांना शिधा देतात. मूळ शब्द रा किंवा री नं संपत असेल आणि य रूप बदलताना आला असेल तर ऱ्य: वारा-वाऱ्याने, तारा-ताऱ्यांना, कैरी-कैऱ्या. मूळ शब्दातच र्य असेल तर रफार: सूर्य, कार्य, धैर्य. इनस्क्रिप्ट कळफलकावर साधा र घेतला तर रफार उमटतो. शिफ्ट धरून त्याच कळीवरचा ऱ, मग हलन्त, मग य असं घेतलं तर ऱ्य. आणि हा फरक ऐकूही येतो: ‘दर्या’त द वर आघात पडून तो गुरू होतो, ‘दऱ्या’त लघूच राहतो. टाळी वाजवून म्हणायला लावा.

गळा_आणि_जीभ
नियम कळला तरी तोंडातून येत नाही, त्यासाठी हा सराव. चंद्राच्या च ला जिभेचा पसरट भाग टाळूला टेकतो. चाकाच्या च ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी जातं आणि ‘त्स’ सुटतो. ‘उत्सव’, ‘मत्सर’ म्हणायला लावा, मग त्यातला ‘त्स’ शब्दाच्या सुरुवातीला आणून ‘चाक’, ‘चोर’, ‘चूक’. इथे एक चूक ठरलेली: मुलं त् आणि स वेगळे म्हणतात, ‘त-साक’ असं ऐकू येतं. हळू म्हणून हे सुटत नाही, उलट वेग वाढवा. ज च्या बाबतीत इंग्रजी शाळेतली मुलं थेट झेब्र्यातला ‘झ’ काढतात. ‘बाजू’ सारख्या शब्दात, दोन स्वरांच्या मध्ये, तो खपतो, कारण मोठी माणसंही तिथे सैल बोलतात. शब्दाच्या सुरुवातीला, ‘जाळी’त, मात्र जीभ आधी टेकायलाच हवी.

रविवारची_शाळा
आभार. आता उरले ते शब्द ज्यांचा उच्चारही एकच. ‘चाळ’, ‘हार’, ‘जागा’. तिथे काय?

व्याकरणमास्तर
तिथे लिंग बघायला शिकवा. तो हार गळ्यात, ती हार सामन्यात. तो माळ उजाड, ती माळ मण्यांची. ते नाव माणसाचं, ती नाव नदीतली. ‘तो जागा आहे’ म्हणजे झोपलेला नाही, ‘ती जागा’ म्हणजे ठिकाण. ‘चाळ बांधली’ हे गवंड्याचं काम, ‘पायात चाळ बांधले’ हे नाचणाऱ्याचं. ‘वाचणे’ला मात्र कर्त्याचा प्रत्यय पाहा: ‘त्याने वाचले’ आणि ‘तो वाचला’.

‘कलम’ इथे दगा देतं. झाडाचंही ते कलम, कायद्याचंही ते कलम, आणि दोन्ही ‘लावतात’. ते वाक्य आंब्याच्या किंवा आरोपीच्या उल्लेखाशिवाय मुलांना देऊ नका.