२५ तारखेच्या पिक्चरवरून ग्रुपवर पेटलेला वाद

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार 🙏 २५ जानेवारीला रात्री गच्चीवर भरीत पार्टी फिक्स आहे, वांगी बामणोदची सांगून ठेवलीत. पिक्चरसाठी सगळ्यात जास्त लोकांनी 'बॉर्डर' सांगितला. कोणाची हरकत असेल तर आत्ताच लिहा, ऐनवेळी गच्चीवर नको.

नाना (बी-१०४): हरकत नाही पण मी भरीत खाऊन खाली जाईन. वरणगाव फॅक्टरीत उभी नोकरी गेली माझी गोळ्यांच्या धंद्यात, आणि कुठलाही युद्धाचा पिक्चर लावा, हिरोचं मॅगझीन संपतच नाही. ७१ ला आपल्याकडे एसएलआर रायफल होती, तिचं मॅगझीन २० गोळ्यांचं भो. मोजायला बसलो की डोकं उठतं.

बंटी (सी-४०४): नाना 😂 दर वीस गोळ्यांनंतर मॅगझीन बदलत बसला तर डायलॉग कधी मारणार

चिनूचे बाबा: हाव ना भो. अंगावर काटा आला, बायका रडल्या, झालं पिक्चरचं काम

सर (ए-३०२): मॅगझीनचं सोडा नाना, त्याने कोणाचं काही जात नाही. माझी हरकत वेगळी आहे. लोंगेवालाला, म्हणजे पिक्चरमधल्या राजस्थानच्या त्या चौकीवर, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपली २३ पंजाब पलटणीची एक कंपनी होती, साधारण १२० माणसं, आणि अंगावर येऊ राहिले होते पाकिस्तानचे चाळीसेक रणगाडे. पिक्चर पाहिला की वाटतं आपली बरीचशी कंपनी तिथेच गेली. प्रत्यक्षात आपले दोन जवान शहीद झाले, दोन. आणि सुनील शेट्टीने केलेला तो बीएसएफचा भैरोसिंग राठोड, पिक्चरमध्ये शहीद होतो ना, तो माणूस चांगला जिवंत होता. पिक्चर आला १९९७ ला, ते वारले २०२२ च्या डिसेंबरात जोधपूरला. पंचवीस वर्षं दर १५ ऑगस्टला टीव्हीवर त्यांना मारू राहिले हे लोक.

बंटी: सर राग मानू नका पण पिक्चर नसता तर भैरोसिंग हे नाव भुसावळात कोणाला माहीत असतं? ते वारले तेव्हाच्या बातम्या पण सुनील शेट्टीवाला रोल ज्यांच्यावरून घेतला ते, अशाच होत्या

सर: तेही खरं आहे. पण मला राग याचा येतो की खऱ्या रात्रीत जो मसाला होता तो यांनी फेकून दिला. आपली हंटर विमानं जैसलमेरला होती, त्यांना रात्री उडून मारा करता येत नव्हता, म्हणजे कंपनीचे कमांडर मेजर चांदपुरी यांना उजाडेपर्यंत कसंही करून तग धरायचा होता बस. आणि समोरचे रणगाडे चौकीजवळ येऊन थांबले कशाला तर काटेरी तार पाहून, त्यांना वाटलं पुढे सुरुंग पेरलेत. त्या तारेमागे सुरुंग नव्हतेच. ते तपासण्यातच त्यांचा वेळ गेला, मग दिवस उजाडला, हंटर आली, आणि वाळूत अडकलेले रणगाडे वरून एकेक करून फोडले. आता सांगा, अंधारात एवढे रणगाडे उभे आहेत, तारेपलीकडे मूठभर माणसं श्वास धरून बसलीत आणि तारेमागे काही नाही हे फक्त त्यांनाच माहीत आहे, याहून भारी सीन कोणता लेखक लिहील?

चिनूचे बाबा: सर भारी आहे पण बिना डायलॉगचा असा सीन दहा मिनिटं चालला तर अर्धी गच्ची घोरेल, भरीत पण झालेलं राहील 😄

नाना: आणि सर, सगळं खरंच दाखवायचं म्हटलं तर काय होतं तेही पाहिलं आपण. त्याच डायरेक्टरचा 'एलओसी कारगिल', २००३ चा. सव्वाचार तास! कोणी नाराज नको म्हणून सगळ्या पलटणी घेतल्या, सगळी नावं घेतली. मला शेवटपर्यंत कळेना कोण कोणत्या शिखरावर चढू राहिला.

सर: 😂 बरोबर, ती हजेरी झाली. वर्गात हजेरी घेताना पोरं पण झोपतात.

बंटी: मग 'ब्रेव्हहार्ट' घ्या. १२९७ ची स्टर्लिंगच्या पुलाची लढाई, आणि पिक्चरमध्ये पूलच नाही, नुसतं मैदान. तरी बेस्ट पिक्चरचं ऑस्कर घेऊन गेला

सर: घेऊन गेला, आणि पाहायला मजा येते हे पण खरं. पण बंटी, तो पूल अरुंद होता, त्यावरून एका वेळी दोनदोनच घोडेस्वार जात होते, अर्धे इंग्रज अलीकडे येईपर्यंत वॉलेसची, म्हणजे पिक्चरच्या स्कॉटिश हिरोची, माणसं थांबली आणि मग त्यांनी पुलाचं तोंडच बंद केलं. पूल काढला की तो जिंकला कसा याचं उत्तरच गेलं, मग हिरोला नुसतं ओरडावं लागतं.

वहिनी (ए-१०३): मी मघापासून वाचतेय. माझा भाऊ फौजेत आहे तुम्हाला माहीतच आहे, सुट्टीवर आला की तो युद्धाचे पिक्चर लावूच देत नाही, कॉमेडी पाहतो आणि झोपतो. म्हणतो ताई यांच्यात कोणी कंटाळलेलं दिसतच नाही, आमची अर्धी ड्युटी वाट पाहण्यात जाते. वर्दीवरची पट्टी चुकली, पगडीचा रंग चुकला की तो हसतो आणि सोडून देतो. पण त्याच्या पलटणीतल्या पोराने केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर टाकलं तर टीव्ही फोडेल तो.

सर: वहिनी मी एवढं टाईप करून जे सांगत होतो ते तुम्ही एका ओळीत सांगितलं. लढाई कशी झाली त्यात थोडं मीठमसाला चालतो, पण कोणी केली आणि कोण गेलं त्यात हात घालू नये. 'यू-५७१' नावाचा हॉलीवूडचा पिक्चर आहे २००० चा, त्यात जर्मन पाणबुडीवरचं एनिग्मा मशीन, म्हणजे गुप्त संदेशांचं यंत्र, अमेरिकन पोरं पळवतात. खरं म्हणजे मे १९४१ ला ब्रिटिश नौदलाने यू-११० या जर्मन पाणबुडीवरून ते मिळवलं, तेव्हा अमेरिका युद्धात पण नव्हती. इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये विषय निघाला, ब्लेअर पंतप्रधान होते, त्यांनी पण म्हटलं की हा आमच्या खलाशांचा अपमान आहे.

चिनूचे बाबा: सर आपल्या खान्देशातलं काही नाही का पिक्चर काढण्यासारखं, का सगळं पुण्याकडेच झालं

सर: थाळनेर. शिरपूर तालुक्यात, तापीकाठी. फेब्रुवारी १८१८. होळकरांनी मंदसौरच्या तहात खान्देश इंग्रजांना लिहून दिलेला, जनरल हिस्लॉप किल्ला ताब्यात घ्यायला आला. किल्लेदार तुळशीराम मामा. तोफा झाल्या, बोलणी झाली, किल्लेदार बाहेर आला, दरवाजे उघडले, इंग्रज अधिकारी आत गेले आणि आतल्या दरवाजाशी किल्ल्यातले अरब शिपाई आणि त्यांच्यात काहीतरी बिनसलं, कोणाचं बोलणं कोणाला कळेना असं म्हणतात. दोन अधिकारी मारले गेले, मग इंग्रजांनी आतली सगळी शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिली. त्या फाशीवरून तिकडे लंडनला पण वाद झाला.

बंटी: सर हे मला इथे जन्मून माहीत नव्हतं

नाना: यावर पिक्चर निघाला तर तुळशीराम मामाला घोड्यावर बसवतील, शंभर जणांना एकटा मारेल आणि फाशीआधी पाच मिनिटं भाषण

सर: आणि तो दरवाजा उडवून टाकतील. सगळी गोष्ट त्या दरवाजातल्या गडबडीत आहे, चार माणसं एका अरुंद जागेत, सगळ्यांच्या हातात हत्यार आणि कोणालाच नक्की माहीत नाही की तह झालाय का नाही. माझ्या हातात असतं तर मी अख्खा पिक्चर तिथेच ठेवला असता.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, मला मीटिंगमध्ये मोबाईल सारखा वाजू राहिला. 'बॉर्डर' फायनल. सुरू होण्याआधी सर पाच मिनिटं लोंगेवालाची खरी माहिती देतील, नाना पण थांबतील, खाली जाणार नाहीत.

वहिनी: पिक्चरच जवळपास तीन तासांचा आहे, सरांची पाच मिनिटं धरली तर झेंडावंदन करूनच खाली उतरू

सेक्रेटरी: स्वेटर आणा मग. आणि सी विंगवाल्यांनो, भरिताच्या पुऱ्या कोण तळतंय ते अजून कळलं नाही.